पाच क्विंटल कांदा कुणाचा? खेड्यातल्या मुस्लिम मुलांना जकात, रोजा आणि हज शिकवताना

नाशिक : जकात म्हटलं की आपल्याकडच्या चाळिशीतल्या माणसाला नाका आठवतो. शहराच्या वेशीवर आडवा दांडा, मागे टेम्पोंची रांग आणि पावती फाडणारा कारकून. नाशिक महापालिकेची ती जकात २०१३ मध्ये गेली, तिच्या जागी एलबीटी आली आणि पुढे तोही गेला. शब्द मात्र त्याआधीचा, अरबी आहे. शुद्ध होणं आणि वाढणं असे त्याचे दोन्ही अर्थ. आपल्या कमाईतला गरिबाचा हिस्सा बाजूला काढला की उरलेली कमाई शुद्ध होते, अशी त्यामागची समजूत.

निफाड, येवला, चांदवड, नांदगाव, सटाणा भागातल्या खेड्यांत मुस्लिम मुलं हा शब्द सकाळी मकतबमध्ये ऐकतात आणि मग दप्तर उचलून जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत जातात. मकतब म्हणजे मशिदीतला किंवा मशिदीला लागून असलेला तास-दीड तासाचा वर्ग. मालेगावसारख्या ठिकाणी उर्दू शाळा आहेत, मआहद-ए-मिल्लतसारखे मोठे मदरसे आहेत, मुलींसाठी जामियातुस सालिहात आहे. दहा-पंधरा मुस्लिम घरांच्या खेड्यात मात्र एक मौलवीसाहेब, एक चटई आणि समोर वेगवेगळ्या इयत्तांची वीस पोरं, एवढाच सगळा कारभार असतो.

इस्लामची पाच मुख्य कर्तव्यं : कलमा, नमाज, जकात, रोजा, हज. यातली पहिली दोन मुलं बघून बघून शिकतात. घरात रोज पाच वेळा कुणी ना कुणी नमाजला उभं राहतंच. उरलेल्या तीन गोष्टींचं तसं नाही. त्या प्रत्येकाला, प्रत्येक वेळी लागू होत नाहीत. त्यांना वय लागतं, ऐपत लागते, तब्येत लागते. म्हणजे नुसतं पाठांतर करून भागत नाही, हिशोब समजावा लागतो. गाडी अडते ती इथेच.

मकतबमधली पुस्तकं बहुतेक उर्दूत असतात. मुफ्ती किफायतुल्लाह देहलवी यांचं 'तालीमुल इस्लाम' हे प्रश्नोत्तराच्या धर्तीचं पुस्तक अनेक ठिकाणी चालतं, तर बरेलवी पद्धतीच्या मकतबांत 'कानून-ए-शरीअत'. मराठी शाळेतल्या मुलाला उर्दू अक्षरं जेमतेम लागतात. त्यात उदाहरणं दिरहमची, उंटांची आणि खजुराच्या बागांची. ज्या पोराने कांद्याची चाळ आणि द्राक्षाचा मांडव पाहिलाय, त्याला उंट कुठून कळणार? चांगला शिकवणारा हे ओळखतो आणि पुस्तक मिटून शेताकडे बोट दाखवतो.

गल्ल्यापासून सुरुवात

जकातचा मुख्य आकडा सोपा आहे. चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के. मुलाच्या मातीच्या गल्ल्यात चारशे रुपये असतील तर दहा रुपये. गणितात कच्चं पोरगंही हे तोंडी करतं. (खरं तर लहान मुलाच्या पैशावर जकात नसते, ते पुढे येईलच. हा फक्त सराव.)

यानंतर लगेच सांगायला हवं ते हे, की जकात सगळ्यांवर नाही. जिल्ह्यातले बहुतेक मुस्लिम हनफी पंथाचे. त्यांच्याकडे मर्यादा धरतात ती साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. जुन्या तोळ्याच्या मापाने चांदी ६१२ ग्रॅमच्या थोडी पुढे जाते. काही उलेमा हे वजन थोडं जास्त धरतात. या मर्यादेला निसाब म्हणतात. गरज भागून, देणं वजा जाऊन तेवढी मालमत्ता हातात असेल आणि त्यावर चांद्रवर्ष, म्हणजे साधारण ३५४ दिवस पूर्ण झाले असतील, तरच जकात लागू. रोख पैसा असेल तर चांदीच्या त्या दिवसाच्या भावाने निसाब काढतात. म्हणून रमजानच्या तोंडावर लोक सराफाकडे भाव विचारताना दिसतात. खरेदीला नव्हे, हिशोबाला.

शेतकऱ्याच्या घरात कशावर जकात नाही ही यादी पोरांना फार आवडते. राहत्या घरावर नाही. जमिनीच्या किमतीवर नाही. ट्रॅक्टर, बैलजोडी, मोटार, ठिबकच्या नळ्या, फवारणी यंत्र, यातल्या कशावरच नाही. ही कामाची अवजारं. रोख, सोनं-चांदी आणि विकायला ठेवलेला व्यापाराचा माल, एवढ्यावरच. शेळ्या-मेंढ्यांचा हिशोब वेगळा. वर्षातला बहुतेक काळ मोकळ्या रानात चरणारा कळप चाळिसाचा झाला की एक द्यायची, एकशे एकवीस झाल्या की दोन. गाई-म्हशी तीस झाल्या की वर्षाचं एक वासरू. गोठ्यात बांधून, पेंड-चारा विकत आणून पाळलेल्या दुभत्या जनावरांवर ही जकात नाही. दूध घालून संसार चालवणाऱ्या घराला हा मोठा फरक आहे आणि तो पुष्कळ मोठ्यांनाही माहीत नसतो.

आता एक उदाहरण. समजा वर्ष संपताना एका शेतकऱ्याच्या खात्यात साडेचार लाख आहेत आणि व्यापाऱ्याकडे कांद्याचे पन्नास हजार अडकलेत. झाले पाच लाख. सोसायटीचं वसुलीला आलेलं कर्ज एक लाख. वजा केलं, उरले चार लाख. निसाबापेक्षा जास्त असेल तर चाळिसावा भाग दहा हजार. त्याच माणसाचं देणं पाच लाखांचं असतं तर जकात शून्य. बायकोचे दागिने बायकोचे, त्यांचा हिशोब तिच्या नावावर. नवऱ्यावर जकात नाही पण बायकोवर आहे, असं घर सहज सापडतं. पोरं यावर हसतात, पण लक्षात ठेवतात.

विसावा हिस्सा

शेतीच्या उत्पन्नाला जकातचा हा नियम लागत नाही. त्याला वेगळं नाव आहे, उश्र. अरबीत उश्र म्हणजे दहावा भाग. पिकाचा हक्क कापणीच्या दिवशीच द्या, असा आदेश कुराणाच्या सूरह अनआममध्ये आहे. इथे वर्ष पूर्ण व्हायची वाट पाहायची नसते. खरीप आला, द्या. रब्बी आला, पुन्हा द्या.

प्रमाण पाण्यावरून ठरतं. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा. विहीर, मोटार, पैसे भरून घेतलेलं पाटाचं पाणी, म्हणजे जिथे पाण्याला खर्च किंवा कष्ट पडले तिथे विसावा. इगतपुरी-पेठकडचा पावसाचा भात किंवा नागली घ्या : दहा पोती झाली तर एक. निफाडचा विहिरीवरचा उन्हाळ कांदा घ्या : शंभर क्विंटल निघाला तर पाच.

वीजबिल, डिझेल, पाइपलाइनचं कर्ज यांचा विचार चौदाशे वर्षांपूर्वीच्या या नियमात एका अर्थाने आलाच आहे. पाण्याला खर्च झाला म्हणून हिस्सा निम्मा. आपल्या सरकारी धोरणांत बागायत-जिरायत फरक इतक्या सोप्या भाषेत क्वचितच सापडेल.

पण पोर हुशार असेल तर पुढचा प्रश्न विचारतंच. कांदा तोट्यात गेला तर?

हा प्रश्न पुस्तकी नाही. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा लासलगाव-पिंपळगावच्या शेतकऱ्याने भाव कोसळताना डोळ्यांनी पाहिला. काढणीची मजुरीसुद्धा निघत नाही, असे हंगाम या जिल्ह्याने पुष्कळ पाहिलेत. अशा वेळी पाच क्विंटल कुठून द्यायचे?

हनफी उलेमांचं प्रचलित उत्तर असं : उश्र नफ्यावर नसून पिकावर आहे. बियाणं, खत, मजुरी वजा करायची नाही, कारण विसाव्या हिश्श्यात सवलत आधीच दिलेली आहे. मात्र हिस्सा पिकाच्याच रूपात देता येतो. भाव दोनशे असो की दोन हजार, शंभरातले पाच क्विंटल गरिबाच्या दारात टाकले की झालं. भाव पडला तर दिलेल्या हिश्श्याची किंमतही तेवढीच पडते. आणि काढणीआधी गारपिटीने पीक झोडपून नेलं तर उश्रही गेला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी द्राक्षपट्ट्यात पाहिली, त्यांना हा नियम वेगळा समजवावा लागत नाही.

सगळ्यांचं यावर एकमत आहे असं मात्र मुलांना सांगू नये. खर्च वजा करायची मुभा देणारे विद्वान आहेत. भाजीपाल्यावर, टिकाऊ नसलेल्या मालावर उश्र नाही असं मानणारेही आहेत. इमाम अबू हनीफा यांच्या मते थोड्या-जास्त सगळ्याच पिकावर उश्र आहे, तर त्यांचेच दोन शिष्य टिकाऊ पिकावर आणि ठरावीक मापाच्या वरच उश्र मानतात. भारतातल्या जमिनीला हा नियम कसा लावायचा यावरही मोठी चर्चा झालेली आहे. मालेगावात तर बरेलवी, देवबंदी, अहले हदीस असे सगळे शेजारी शेजारी राहतात. ज्याने त्याने आपल्या आलिमाला विचारावं, पण विचारावं. बऱ्याच शेतकरी घरांत रमजानमध्ये जकातचा हिशोब होतो, उश्र हा शब्द मात्र पोरांच्या कानावरच आलेला नसतो.

यात आणखी एक गंमत आहे, ती सातबाऱ्याची. हनफी मतानुसार अजाण मुलाच्या पैशावर आणि सोन्यावर जकात नाही. पण त्याच्या जमिनीत पिकलेल्या मालावर उश्र आहे. बाप वारला आणि सातबाऱ्यावर पोराचं नाव लागलं, पुढे आईचं नाव अ.पा.क. म्हणून, तर त्या शेतातल्या पिकाचा हिस्सा निघतो. पोराला तिसरीत असतानाच कळतं की आपल्या नावावरच्या रानात दुसऱ्याचाही वाटा आहे. कोकणी मुस्लिम शाफई पंथाचे. त्यांच्याकडे मुलाच्या पैशाचीही जकात पालकाने काढायची असते. शेत वाट्याने दिलं असेल तर ज्याच्या पदरात जेवढं आलं, त्याने तेवढ्यावर द्यायचं, अशी साधारण पद्धत.

देणारा आणि घेणारा

जकात कुणाला द्यायची याची आठ प्रकारची माणसं कुराणात सूरह तौबामध्ये सांगितली आहेत. गरीब, अगदी नडलेला, वाटेत अडकलेला प्रवासी असे त्यात आहेत. त्यातच एक प्रकार आहे कर्जात बुडालेल्या माणसाचा.

मुलांना शिकवताना सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा. कारण वर्गातल्या वीस पोरांत पाचजण देणाऱ्या घरातले असतात, तर पाचजण घेणाऱ्या. आणि हे पाच-पाच कायमचे नसतात. दोन वर्षं कांदा साधला तर माणूस देणारा. पुढची दोन वर्षं भाव गेला, बोअर आटली, मुलीचं लग्न झालं, की तोच माणूस घेणाऱ्यांत. म्हणून जकातकडे भीक म्हणून पाहायला मुलाला शिकवलं तर आपलंच घर उद्या त्याच्या नजरेतून उतरतं. मूळ कल्पना हक्काची आहे. श्रीमंताच्या मालात गरिबाचा हिस्सा असतोच, तो त्याच्याकडे पोचवायचा.

यासाठी नियमही आहे आणि तो नाजूक आहे. देताना 'ही जकात आहे' असं तोंडाने सांगायची गरज नाही. मनात नियत असली की पुरे. ईदी म्हणून द्या, पोराच्या वह्या-पुस्तकांना म्हणून द्या, तरी जकात अदा होते. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हा त्यातला हेतू. मोबाइल आल्यापासून रेशनच्या किटसोबत फोटो काढून टाकायची जी पद्धत पडली आहे, ती या नियमाच्या अगदी उलट्या टोकाला आहे.

आई-वडील, आजी-आजोबा, स्वतःची मुलं-नातवंडं, नवरा-बायको यांना जकात देता येत नाही. त्यांना सांभाळणं हे वेगळं कर्तव्य आहे. भाऊ, बहीण, चुलता, मामा नडलेले असतील तर त्यांना देता येते, उलट त्यांचा हक्क आधी. मशिदीचं बांधकाम किंवा इमामाचा पगार जकातमधून होत नाही. त्यासाठी गाव वर्गणी काढतं. म्हणून मकतबच्या मौलवीसाहेबांचा पगार बऱ्याच खेड्यांत कांद्याच्या भावासारखाच वर-खाली होतो. नियमाप्रमाणे चाललेलं असूनही यात भरडला जातो तो शिकवणारा माणूस. मदरशातल्या गरीब मुलांच्या जेवणा-कपड्याला मात्र जकात चालते. रमजानमध्ये पावतीबुकं घेऊन गावोगाव फिरणारे लोक दिसतात ते त्यासाठी. सदका, म्हणजे ऐच्छिक दान, मात्र शेजारी कुठल्या जातीधर्माचा आहे हे न बघता कुणालाही देता येतं.

ईदच्या नमाजआधी द्यायचा फित्रा हा याच कुटुंबातला. तो माणशी असतो आणि बाप आपल्या लहान मुलांचाही देतो, अगदी ईदच्या आदल्या रात्री जन्मलेल्या बाळाचासुद्धा. गव्हाचा हिशोब केला तर कुठे पावणेदोन किलोच्या आसपास, कुठे दोन किलो ४५ ग्रॅम, किंवा त्याची किंमत. जव, खजूर किंवा बेदाण्याने काढला तर माप दुप्पट. ऐपत असलेल्याने बेदाण्याच्या भावाने काढावा असं सांगतात. द्राक्षपट्ट्यातल्या पोराला हे बरोबर समजतं. गहू काय भावाने आणि बेदाणा काय भावाने, हे त्याला पुस्तकाशिवाय ठाऊक असतं.

रोजा आणि शाळेची खिचडी

रोज्याच्या बाबतीत अडचण उलटी. तिथे मुलांना ढकलावं लागत नाही, आवरावं लागतं. सात-आठ वर्षांचं पोर पहाटे सहरीला उठून बसतं आणि हट्ट धरतं, मी पण रोजा ठेवणार. वयात येईपर्यंत रोजा बंधनकारक नाही. नमाजची सवय सातव्या वर्षापासून लावावी, दहाव्यापासून कडक व्हावं, असं पैगंबरांचं वचन आहे. रोज्यालाही उलेमा तीच रीत लावतात, पण ताकद बघून. पैगंबरांच्या काळात मदिनेतल्या बायका मुलांना रोज्याची सवय लावायच्या आणि पोर भुकेने रडलं तर त्याला लोकरीचं खेळणं देऊन संध्याकाळपर्यंत रमवायच्या, अशी नोंद हदीसमध्ये आहे. पोराला रमवायचं आणि नाहीच जमलं तर खाऊ घालायचं. लहान मुलाने अर्ध्यात सोडलेल्या रोज्याची भरपाई करावी लागत नाही.

म्हणून समजूतदार घरं पायऱ्या करतात. पहिल्या वर्षी दुपारपर्यंत. मग एखादा शुक्रवारचा पूर्ण. मग आठवड्याला एक. पहिल्या पूर्ण रोज्याला रोजा कुशाई करतात : नवे कपडे, गळ्यात हार, शेजारपाजाऱ्यांना इफ्तार. कार्यक्रम छान असतो. पण त्याच्या आमंत्रणापायी पोराला चक्कर आली तरी पाणी न देणं हे धर्मात कुठेच बसत नाही. मालेगावचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या वर असतो. मूल निस्तेज पडलं, लघवी कमी झाली, बोलणं अडखळायला लागलं तर तिथल्या तिथे रोजा सोडवायचा. मौलवीसाहेबांना विचारायला जाईपर्यंतही थांबायचं नाही.

मोठ्यांनाही सूट आहेच. आजारी, प्रवासी, गरोदर, अंगावर पाजणारी बाई हे नंतर भरपाई करू शकतात. पाळीच्या दिवसांत रोजा नसतोच, तोही नंतर. हे मुलींना पहिल्या पाळीआधी कुणीतरी सांगायला हवं. खेड्यातल्या मकतबमध्ये शिकवणारी आपा नसेल तर ते काम आईवर येतं आणि लाजेपोटी राहून जातं. मग पोरगी पोट दुखत असताना उपाशी राहते आणि वर घरच्यांपासून लपवते. ज्याला म्हातारपणाने किंवा कायमच्या दुखण्याने रोजा शक्यच नाही, त्याने रोजच्या रोज्याबदली एका गरिबाला फित्र्याएवढं धान्य द्यायचं. यालाही नाव आहे, फिदिया.

विसरून खाल्लं तर रोजा तुटत नाही, हा नियम मुलांचा सगळ्यात लाडका.

शाळेचा भाग निराळा. रोजेदार पोर वर्गात असतं आणि दुपारी पोषण आहाराची खिचडी शिजते, तिचा वास येतो. बहुतेक शिक्षक अशा मुलाला त्या वेळेपुरतं वाचनाच्या कोपऱ्यात किंवा दुसऱ्या कामाला लावतात. खेळाच्या तासाला सावलीत बसवलं की पोराचं निम्मं काम होतं. २०२५ मध्ये रमजान २ मार्चला सुरू झाला आणि दहावीची परीक्षा चालू असतानाचे रोजे आले. त्याच दिवसांत घाटाखाली द्राक्षाची खुडणी आणि वर उन्हाळ कांद्याची काढणी.

दरवर्षी रमजान दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो, कारण चांद्रवर्ष तेवढं लहान. २०१८ मध्ये तो मेच्या मध्यावर सुरू झाला होता, तेव्हा रोजा साडेचौदा तासांचा होता. आता तो थंडीकडे चाललाय. २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात जानेवारी आणि डिसेंबर असे दोनदा रोजे येतील, तेही सव्वाबारा तासांच्या आसपासचे. आज जे पोर आठ-नऊ वर्षांचं आहे, त्याचे खरे बंधनकारक रोजे हिवाळ्यात सुरू होतील. भूगोलाचा तास घ्यायला याहून चांगलं निमित्त नाही.

हाजी होण्याआधी

हज शिकवणं तसं सोपं, कारण त्यात गोष्ट आहे. पुठ्ठ्याचा काळा काबा करतात, पोरांना पांढरी चादर गुंडाळतात आणि सात फेऱ्या मारायला लावतात. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा चालायचं, हे बीबी हाजरांच्या आठवणीत. तान्ह्या इस्माईलला तहान लागली आणि ती माऊली पाण्यासाठी त्या दोन टेकड्यांमध्ये धावत सुटली. दोन्हींमधलं अंतर साधारण साडेचारशे मीटर, सात खेपा म्हणजे तीन किलोमीटरच्या वर. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन चालणाऱ्या बाया ज्या पोराने पाहिल्यात, त्याला ही गोष्ट परदेशातली वाटत नाही. ती धाव पुढे सगळ्या हाजींसाठी विधी झाली, राजा असो की रंक.

पण इथेही नियम आधी सांगायचा तो ऐपतीचा. हज आयुष्यात एकदा, तोही ज्याला झेपेल त्यालाच. झेपणं म्हणजे जाण्या-येण्याचा खर्च, परत येईपर्यंत घरच्यांचा खर्च आणि देणं फिटलेलं. ज्या जमिनीवर घर चालतं ती विकून हजला जाणं बंधनकारक नाही. कर्ज काढून तर नाहीच. आज हज कमिटीमार्फत गेलं तरी माणशी तीन-साडेतीन लाखांच्या पुढेमागे खर्च येतो आणि सरकारी अनुदान २०१८ पासून बंद आहे. अर्ज ऑनलाइन, नंबर सोडतीने. नाशिककरांचं विमान मुंबईहून. पूर्वी मुंबईहून जेद्दाला जहाजं जायची, ती १९९५ मध्ये थांबली. गावातला एखादा म्हातारा हाजी जहाजाने गेलेला असेल तर मकतबमध्ये बोलावून त्याला बोलतं करावं. पुस्तकापेक्षा पोरं त्याचं ऐकतील.

लहान मुलाला सोबत नेलं तर त्याचा हज होतो, पण तो ऐच्छिक. मोठेपणी ऐपत आली की फर्ज हज त्याला पुन्हा करावा लागतो. बाप म्हणतो मी पोराचा हज करून आणला, तर तसं होत नाही.

निघण्याआधीची एक रीत मुलं स्वतःच बघतात. हजला जाणारा माणूस घरोघर फिरून माफी मागतो. काही बोललो असेन, कुणाचं देणं राहिलं असेल तर सांगा. खेड्यात याला फार वजन आहे, कारण खेड्यात भांडण असतं ते बांधाचं. दुसऱ्याची वीतभर जमीन दाबणाऱ्याच्या गळ्यात त्या जमिनीचे सात थर घातले जातील, असं हदीसमध्ये आलं आहे. शेजारच्या रानात नांगराचा फाळ दरवर्षी चार बोटं सरकवणाऱ्याने काबाचं दर्शन घेतलं, तरी शेजाऱ्याचा हक्क फिटत नाही. तो शेजाऱ्यालाच परत द्यावा लागतो. म्हणून मौलवीसाहेब पोरांना हजच्या धड्याच्या शेवटी क्रम सांगतात : आधी सोसायटीचं, मग किराणावाल्याचं, मग बहिणीचा वारसाहक्क राहिला असेल तर तो, मग बांध मोजून खुंटी होती तिथे. त्यानंतर बॅग भरायची.